बाळ कुणाच्या कडेवर?

मराठी कथा-कादंबरीत लेडी डॉक्टर नवी नाही. ती बाळंतपणाच्या रात्री येते, हातमोजे उतरवते, दोघंही सुखरूप असल्याचं सांगते आणि निघून जाते. ती कुठे जाते, तिच्या घरी कोण जागं आहे, तिचं स्वतःचं मूल त्या रात्री कुणाच्या कुशीत झोपलंय, हे गोष्ट सहसा विचारत नाही. वाचकालाही ते विचारावंसं वाटत नाही, कारण दवाखान्याच्या दारातून बाहेर पडलेली बाई त्याच्यापुरती संपलेली असते. माझी ही कादंबरी त्या दाराबाहेर तिच्यासोबत चालत जाते. एम.डी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली, धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात बालरोग विभागात रात्रपाळी करणारी एक निवासी डॉक्टर आणि सुरतेला तिच्या माहेरी वाढणारं तिचं सात महिन्यांचं बाळ, एवढाच या कथेचा ऐवज आहे.

स्थलांतरित घरातली डॉक्टर लेक म्हटली की डोळ्यांपुढे न्यू जर्सी किंवा लंडन येतं. त्या घरांवर इंग्रजीत पुष्कळ लिहिलं गेलंय, मराठीतही लिहिलं जातंय, आणि ते लिहिलं गेलंच पाहिजे. पण खान्देशाचा परदेश फार जवळ आहे. धुळ्याहून साक्री, मग कोंडाईबारीचा घाट, विसरवाडी, नवापूर आणि पुढे गुजरात. जळगावकडून रेल्वेने निघालं तर धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार करत गाडी उधन्याला लागते. नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरत आणि अमळनेर जोडलं, ते कापसासाठी. पुढे त्याच रुळांवरून माणसं गेली. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, एकेक करून भोंगे थांबले. शिंदखेडा, साक्री, पारोळ्याकडची कोरडवाहू शेती घराला पुरेनाशी झाली आणि सुरतेचे लूम मात्र चोवीस तास चालत होते. आज लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत फिरलात तर अहिराणी कानावर पडल्याशिवाय राहणार नाही. तिथे खान्देशची कानबाई देवी बसते, खापरावरचे मांडे होतात, आणि पालिकेच्या मराठी शाळाही आहेत.

इतकी माणसं गेली, पण त्यांच्यावर मराठीत कादंबऱ्या किती आल्या? मला तरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही सापडल्या नाहीत. गाव सोडून शिकायला गेलेल्या मुलाची गोष्ट आपल्याकडे आहे. जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी १९६३ साली ‘कोसला’तून ती अशी लिहिली की पुढच्या साठ वर्षांत खेड्यातून शहरात गेलेल्या प्रत्येक नायकाला पांडुरंग सांगवीकरच्या सावलीतून जावं लागलं. पण तो मुलगा होता. गावी बापाचा वाडा होता, शेती होती, हरून परतलं तरी परतायला जागा होती. सुरतेच्या एका खोलीत वाढलेल्या मुलीला परतायचं कुठे हा प्रश्नच वेगळा आहे, कारण तिच्या बापाने गाव सोडलं तेव्हा तिचं माहेर सुद्धा गाडीत बसून निघून गेलं होतं.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. यात लाडाकोडाचा भाग आहे, पण त्याहून मोठा भाग व्यवस्थेचा आहे. माहेर म्हणजे आई, काकू, आत्या, शेजारची म्हातारी, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बाळाला न्हाऊ घालणारा अनुभवी हात आणि बाळंतिणीला दुपारी दोन तास झोपू देणारं घर. सुरतेला गेलेल्या कुटुंबाने या सगळ्यातलं काय सोबत नेलं? आई नेली. काकू-आत्या गावी राहिल्या. शेजारीण आली ती ओडिशाची किंवा उत्तर प्रदेशातली, मायाळू, पण दिवसभर तीही कामावर. दहा बाय बाराच्या खोलीत बाप लूमखात्यातून रात्रपाळी करून सकाळी येऊन झोपणार, त्याच खोलीत बाळ रडणार. जे काम गावी दहा हातांनी होत होतं ते इथे दोन हातांवर आलं. या कादंबरीचा सगळा ताण त्या दोन हातांवर आहे. नायिकेवर तो नंतर येतो.

आता थोडं नियमांविषयी, कारण या कथेची कळ तिथेच आहे. वैद्यकीय प्रवेशासाठी महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातून जायचं तर, काही अपवाद सोडले तर, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. गुजरातचे नियम गुजरातेत शिकलेल्यांसाठी. आणि जातीचा दाखला बापाच्या मूळ राज्याचा. एका राज्यातला दाखला दुसऱ्या राज्यात आरक्षणासाठी चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० साली ठरवलं. तो खटला वैद्यकीय प्रवेशाचाच होता हे फार थोड्यांना माहीत असतं. मर्री चंद्रशेखर राव हा आंध्रातून लहानपणी वडिलांसोबत मुंबईला आलेला विद्यार्थी, आणि समोर परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचे अधिष्ठाता. बाप पोटासाठी राज्य ओलांडतो तेव्हा आपण मुलाच्या वाटेवर काय ठेवून चाललोय हे त्याला कळायचं काही कारणच नसतं.

कादंबरीतल्या बापाला ते कळतं, मुलगी सातवीत असताना, लूमखात्यातल्या एका सोबत्याकडून. मुलीचं डोकं चांगलं आहे, शाळेतल्या बाई म्हणतात डॉक्टर होईल. मग ठरतं की तिला गावी आजीकडे ठेवायचं, दहावी-बारावी तिकडूनच करायची. आई सुरतेत, मुलगी शिंदखेडा तालुक्यात. वर्षातून दोनदा भेट, दिवाळीला आणि उन्हाळ्यात. बारा वर्षांच्या मुलीला पहिली पाळी येते तेव्हा आई दोनशे किलोमीटरवर साड्यांना टिकल्या चिकटवत बसलेली असते. हे प्रकरण लिहिताना मला जितका वेळ लागला तितका कुठल्याच प्रकरणाला लागला नाही. घरात कुणी दुष्ट नाही, कुणी कुणाला टाकलेलं नाही. सगळ्यांनी मिळून मुलीच्या भल्यासाठी एक हिशोब केला आणि त्या हिशोबात आईच्या आणि मुलीच्या पाच वर्षांची किंमत लावलीच गेली नाही.

पुढे ती डॉक्टर होते, लग्न होतं, मूल होतं, आणि तोच हिशोब पुन्हा मांडला जातो. रात्रपाळ्या, परीक्षा, प्रबंध. बाळ कुणाकडे? आईकडे, सुरतेला. जी आई आपल्या मुलीला वाढवू शकली नाही ती आता मुलीच्या मुलाला वाढवते. लेकीपासून लांब राहिलेल्या त्या वर्षांची भरपाई ती नातवात शोधते का? नायिकेला तसं वाटतं, आणि त्यामुळे तिच्या मनात आईविषयी कृतज्ञतेबरोबर एक मत्सरही उभा राहतो. हा मत्सर मी लपवलेला नाही. आपल्या बाळाने आपल्याला सोडून आजीकडे झेपावणं हे ज्या आईने पाहिलंय तिला त्या क्षणी छातीत काय होतं ते सांगायला नको, आणि जिने पाहिलं नाही तिला ते कुणीतरी सांगायला हवं.

ही वाट आपल्याकडे कुणी चालून गेलंय का, असं शोधू गेलं की मराठी मन आधी आनंदीबाई जोशींपाशी जातं, आणि ते बरोबरच आहे. १८६५चा जन्म, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, आणि ते मूल दहा दिवसांत गेलं. डॉक्टर व्हायच्या त्यांच्या निश्चयामागे त्या दहा दिवसांचं दुःख होतं, हे सर्वांना माहीत आहे. १८८३ साली त्या अमेरिकेला निघाल्या, १८८६ साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून पदवी घेतली. तिथल्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, तेव्हा बावीसही पूर्ण नव्हतं. श्री. ज. जोशींनी १९६८ साली ‘आनंदी गोपाळ’ लिहून ती कहाणी घराघरात नेली. मला त्या चरित्रातली एक गोष्ट सतत खुणावते. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी ज्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी आनंदीबाईंना घरात ठेवून घेतलं, त्यांना त्या मावशी म्हणत. अठरा वर्षांची मुलगी समुद्रापलीकडे गेली, पण त्याआधीच तिने पत्रांतून एक मावशी मिळवली होती. शिकायला निघालेल्या बाईला घरात कुणीतरी मावशी लागते, हे आनंदीबाईंना कळलं होतं.

दुसरं नाव डॉ. रखमाबाईंचं, आणि ते तर थेट या कादंबरीच्या गावी येतं. लहानपणी झालेलं लग्न नाकारून नवऱ्याकडे नांदायला न गेल्याबद्दल त्या नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, लावलेला खटला १८८४ ते १८८८ गाजला. त्यानंतर त्या लंडनला शिकल्या आणि परतल्यावर १८९५च्या सुमारास सुरतेला बायकांच्या दवाखान्याच्या मुख्य म्हणून रुजू झाल्या. सुरतेत त्यांनी कितीतरी वर्षं काढली, मग राजकोट. ताप्ती व्हॅलीची गाडी सुरतेतून खान्देशाकडे निघाली तेव्हा एक मराठी डॉक्टर बाई त्याच गावात बायकांची बाळंतपणं करत होती. पण रखमाबाईंनी पुन्हा लग्न केलं नाही आणि त्यांना मूल नव्हतं. म्हणजे आपल्या दोन आद्य डॉक्टर स्त्रियांपैकी एकीचं मूल जगलं नाही आणि दुसरीला झालं नाही. दोघींना आपण देव्हाऱ्यात बसवलं, आणि तो मान त्यांचाच आहे. परंतु दवाखान्यातून घरी येऊन मुलाचे बोळे-दुपटी बदलणारी डॉक्टर बाई मराठीच्या आदर्शांत आलीच नाही. बंगालात कादंबिनी गांगुली होत्या, मोठ्या कुटुंबाच्या आई. १८९३ साली मुलं मागे ठेवून त्या एडिंबराला जाऊन पदव्या घेऊन आल्या. मराठी वाचकाला त्यांचं नाव आनंदीबाईंइतकं परिचित असतं तर आपल्या कथांनी थोडी वेगळी वाट धरली असती असं मला वाटतं.

आदर्श आईचं नाव काढलं की ‘श्यामची आई’ येतेच, आणि खान्देशात तर येणारच. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. ‘श्यामची आई’ नंतर, १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. त्या पुस्तकाने मराठी आईला जो साचा दिला तो पिढ्यान्‌पिढ्या पुरला आणि आजच्या निवासी डॉक्टरलाही तो छळतो, कारण त्या साच्यात आई घरात असते, सदैव असते. पण अमळनेरच्या छात्रालयातले गुरुजी पाहा. मुलांचे अंथरूण नीट करणं, कपडे आवरणं, आजारी पोराच्या उशाशी रात्र काढणं, हे सगळं तो अविवाहित तरुण शिक्षक करत होता. परगावच्या पोरांची आई अमळनेरात एक पुरुष झाला होता. आपण त्यांचं पुस्तक घेतलं आणि त्यांचं वागणं मात्र घेतलं नाही. कादंबरीतल्या नवऱ्याचं पात्र मी त्या छात्रालयावरून उभं केलंय. तो जळगावला अस्थिरोग विभागात आहे, प्रेमळ आहे, आधुनिक आहे, आणि सुरुवातीला बाळाच्या बाबतीत तो ‘मदत’ करतो. मदत करणारा आणि जबाबदार असणारा यांतलं अंतर तो कसं कापतो, किती ठिकाणी अडखळतो, हे मला लिहायचं होतं. त्याला मी सहज सुधारू दिलेलं नाही.

सासू खलनायिका नाही हेही इथेच सांगून टाकते. पारोळ्याला राहणारी ही बाई स्वतः अंगणवाडी सेविका आहे, गावातल्या चाळीस मुलांची वजनं घेते, खिचडी शिजवते. ती नातवाला सांभाळायला आली तर अंगणवाडी कोण चालवणार? ‘सासूबाई आहेत ना घरी’ असं सगळे म्हणतात तेव्हा त्या घरी नसतात, त्या कामावर असतात.

आता वॉर्डाकडे. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सुरू झालं, आज ते चक्करबर्डीला आहे. जळगावचं सरकारी महाविद्यालय २०१८ साली आलं. त्याआधी धुळे, नंदुरबार, जळगाव, साऱ्या सातपुड्याच्या पायथ्याचा भार धुळ्यावर. नंदुरबार जिल्हा १९९८ साली वेगळा झाला, पण अक्कलकुवा-धडगावकडच्या पेशंटना जिल्ह्याची हद्द काय माहीत? कमी वजनाची, नऊ महिने न भरलेली बाळं घेऊन आया येतात. नायिका त्यांना कांगारू पद्धत शिकवते: बाळाला उघड्या छातीशी धरा, तुमच्या अंगाची ऊब हेच त्याचं औषध. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोता शहरात इनक्युबेटर कमी पडले तेव्हा डॉक्टरांनी ही पद्धत काढली आणि ती जगभर गेली. नायिका आयांना हेही शिकवते की सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. बाळ ओढत नसेल तर दूध काढून वाटी-चमच्याने पाजा, बाटली नको. हे सगळं ती मनापासून सांगते, कारण ते खरं आहे आणि त्याने बाळं जगतात. स्वतःच्या बाळाला मात्र तिने चौथ्या महिन्यात सुरतेला पाठवलंय.

पहाटे तीनच्या सुमाराला वॉर्डात कुठलंतरी बाळ भुकेने रडतं आणि तिला पान्हा फुटतो. बाळ कुणाचं, कुशीत आहे की नाही, हे शरीर विचारत नाही. रडणं ऐकलं की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि दूध उतरतं, हे ती परीक्षेत लिहून पास झालेली आहे. आता तिचा ॲप्रन भिजलाय. ड्यूटी रूमच्या बेसिनपाशी उभी राहून ती दूध दाबून काढते, छातीत गाठी होऊ नयेत म्हणून. ते दूध नळाच्या पाण्याबरोबर जातं. तेवढ्यात सिस्टर दार वाजवतात, ‘मॅडम, सात नंबरचं सॅच्युरेशन पडतंय.’ ती बटणं लावून धावते. या दृश्यात मी एकही विशेषण घातलेलं नाही, आणि ज्या डॉक्टर मैत्रिणींनी हस्तलिखित वाचलं त्यांच्यापैकी एकीलाही त्याची उणीव वाटली नाही.

वेळाचा हिशोब एकदा मांडून पाहू. एम.बी.बी.एस. साडेपाच वर्षं, इंटर्नशिप धरून. मग बंधपत्राची सेवा, मग पदव्युत्तर प्रवेशाची तयारी, मग तीन वर्षं एम.डी. सरळ चालत गेलेली मुलगी अठ्ठावीस-तिशीला मोकळी होते. म्हणजे मूल व्हायची जी वर्षं वैद्यकशास्त्र स्वतःच उत्तम मानतं, तीच वर्षं वैद्यकशिक्षण पूर्ण मागून घेतं. निवासी डॉक्टरांची पाळी बारा तासांहून आणि आठवडा अठ्ठेचाळीस तासांहून मोठा नसावा, असं केंद्राच्या निवासी डॉक्टर योजनेत १९९२ सालीच लिहिलंय. कुठल्याही सरकारी रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरला हा आकडा ऐकवा आणि तिचा चेहरा पाहा. प्रसूतिलाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने नोकरदार बाईला सव्वीस आठवड्यांची प्रसूतिरजा मिळाली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. शिकाऊ डॉक्टरने रजा घेतली की मात्र शिक्षणाचा काळ तेवढा लांबतो, परीक्षा पुढे जाते, सोबतची मुलं पुढे जातात. अमेरिकेत तरी काय मोठं सुख आहे? तिथे केंद्रीय कायद्याने सरसकट पगारी प्रसूतिरजाच नाही, १९९३च्या कायद्याने मिळते ती बारा आठवड्यांची बिनपगारी. निवासी डॉक्टरांना किमान सहा आठवडे पगारी रजा द्यावी हा नियम २०२२ साली आला. न्यू जर्सीच्या मराठी घरातली डॉक्टर लेक आणि धुळ्याची ही नायिका एकमेकींना भेटल्या तर या बाबतीत त्यांना दुभाषा लागणार नाही. तिथेही भारतातून आई सहा महिन्यांच्या व्हिसावर बोलावून घेतली जाते, आणि ती परत गेली की सासू येते.

खान्देशातल्या कष्टकरी बायका मूल आणि काम एकत्र सांभाळत आल्या आहेत, मग डॉक्टरणीचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. खरंच आहे. बांधावरच्या निंबाला झोळी बांधायची, कापूस वेचता वेचता एक कान झोळीकडे ठेवायचा. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी जात्यावर आणि शेतात जन्मली, घर आणि काम एकाच श्वासात. ती गाणी १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून आली तेव्हा महाराष्ट्राला कळलं की या बाईजवळ काय होतं. पण शेताच्या बांधावर झोळी टांगता येते. जंतुसंसर्गाच्या भीतीने जिथे पायातल्या चपला बाहेर काढाव्या लागतात त्या नवजात कक्षात झोळी टांगता येत नाही. आधुनिक कामाने आईला आणि मुलाला दोन वेगळ्या इमारतींत ठेवलं, आणि दोन इमारतींमधलं अंतर कुणी भरायचं हे मात्र ठरवलं नाही.

ते अंतर भरणारी बाई म्हणजे नायिकेची आई, आणि मला विचाराल तर कादंबरी तिची आहे. घरी बसून साड्यांना लेस लावणं, टिकल्या चिकटवणं, सुटे धागे कापणं, या कामावर तिने पंचवीस वर्षं घरखर्चाचा एक कोपरा तोलून धरला. गठ्ठा न्यायचा, नगावर पैसे, चूक झाली तर कापून. नातू आला आणि तिने गठ्ठे आणणं थांबवलं. रांगतं मूल, खोलीभर चिकटपट्टी, कात्री, टिकल्या. एक टिकली घशात गेली तर? तिची मजुरी बुडाली हे घरात कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण ती मजुरी म्हणून कधी मोजलीच नव्हती. नायिका आपल्या विद्यावेतनातून दरमहा पैसे पाठवायला लागते तेव्हा बापाला ते कमीपणाचं वाटतं. आई मात्र घेते. ती वहीत लिहून ठेवते. मुलीला हे आधी लागतं, मग कळतं. ही वही माझ्या दृष्टीने या कादंबरीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू आहे. आजीच्या मायेला मोल नसतं असं आपण म्हणतो आणि ते म्हणून झालं की तिला काहीच देत नाही.

सुरतेच्या घराला शहराचा इतिहासही चुकलेला नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची बातमी फुटली आणि लाखो माणसं मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. या घरानेही तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या भाकरी फडक्यात बांधून भुसावळची गाडी पकडली होती, नायिका आईच्या पोटात होती. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचं पाणी सुटलं आणि तापीने शहराचा मोठा भाग बुडवला. आपल्या गावाजवळून वाहत येणारी नदीच आपली खोली बुडवते, ही गोष्ट बाप पुढे कितीतरी वर्षं सांगत राहतो.

आणखी एक आई या पुस्तकात आहे. साक्री आणि नंदुरबारकडून दर वर्षी दिवाळीनंतर माणसं मुकादमाकडून उचल घेऊन बारडोली भागात ऊसतोडीला जातात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी खान्देशातून दक्षिण गुजरातेत जाणाऱ्या या टोळ्यांवर सत्तरच्या दशकातच लिहून ठेवलंय. फडातच बाळंत झालेली अशी एक पोरगी दीड किलोचं बाळ घेऊन धुळ्याच्या वॉर्डात येते. तिची टोळी पुढे गेलीय, उचल फिटलेली नाही, नवरा रोज विचारतो की कधी सोडणार. तीही स्थलांतरित, तीही आई, तीही कामावर. नायिका तिला ‘अजून दहा दिवस थांब’ म्हणते आणि ती विचारते, ‘बाई, तुमचं लेकरू कुठे आहे?’ या प्रश्नाचं उत्तर नायिका देते की नाही ते पुस्तकात वाचा. मला एवढंच नोंदवायचंय की डॉक्टर बाईच्या ओढाताणीची गोष्ट सांगताना ही दुसरी बाई चौकटीबाहेर राहिली असती तर मी हे पुस्तक छापायला दिलं नसतं. एकीला ड्यूटी आहे, दुसरीला उचल आहे. पहिलीचा ताण खरा आहे आणि दुसरीचा त्याहून मोठा आहे. पहिलीला ते कळणं हा तिच्या डॉक्टर होण्याचाच भाग आहे.

भाषेविषयी दोन शब्द. निवेदन प्रमाण मराठीत आहे. नायिका वॉर्डात प्रमाण मराठी, हिंदी आणि डॉक्टरी इंग्रजी बोलते, नवऱ्याशी मराठी, आणि आईशी फक्त अहिराणी. रात्रीचा फोन असा असतो:

‘माय, पोऱ्या कसा शे?’

‘झोपना. तू जेवनी का?’

बहुतेक रात्री फोन एवढाच. अहिराणीला मी तळटीपा दिलेल्या नाहीत. धुळे-जळगावच्या वाचकाला त्या नकोत, आणि पुण्या-मुंबईच्या वाचकाने दोन पानं धीर धरला तर त्यालाही लागणार नाहीत. बाळ बोलू लागतं तेव्हा त्याच्या तोंडी अहिराणी आणि गुजराती एकदमच येतात. त्याचा पहिला गुजराती शब्द ऐकून घरातले सगळे हसतात आणि आईला रडू येतं. अशा जागा मी भाषांतर न करता तशाच ठेवल्या आहेत.

नायिकेला मी नोकरी सोडायला लावलेली नाही, आजीला मारलेलं नाही, आणि सगळ्यांना एका मोठ्या घरात आणून सुखाने जेवायलाही बसवलेलं नाही. ती एम.डी. होते. बाळ पाच वर्षांचं होतं. मग त्याचं नाव शाळेत घालायची वेळ येते आणि तोच जुना प्रश्न दारात उभा राहतो: लिंबायतच्या शाळेत घालायचं की धुळ्याच्या? दहावी कुठली, बारावी कुठली, दाखला कुठला? शेवटचं प्रकरण म्हणजे त्या खोलीत रात्री उशिरापर्यंत चाललेलं ते बोलणं. बाप गुजरातच्या बाजूने बोलतो, नवरा धुळ्याच्या, पारोळ्याची सासू फोनवर आहे. आणि या घरात पहिल्यांदाच नायिकेची आई आपली वही उघडून मध्ये ठेवते आणि म्हणते, आधी हे वाचा, मग ठरवा.